भाऊची घोडी आणि माझी झडती

पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कोणाची निघते, यावर आमच्या गावात पुढचं अख्खं वर्ष ठरतं. पहिल्या जोडीच्या धन्याला पंगतीत वाढपी बुंदीचा आग्रह करतो. बाकीच्यांना पाणीसुद्धा ओरडून मागावं लागतं. हा मान पाटलांच्या घराचा. पण त्या साली पाटलांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला, आणि ट्रॅक्टरच्या शिंगांना बेगड लावणार कुठं? मान मोकळा झाला. दावेदार दोघं: मी आणि भाऊ.

भाऊ म्हणजे गावचा होऊ घातलेला पुढारी. माझ्याहून लहान, पण बॅनरवर माझ्या घराहून मोठा. बॅनरवर तो घोडीवर बसलेला, बाजूला घोड्यावर बसलेले इतिहासातले एक थोर राजे. घोडी वाशीमच्या वरातवाल्याची, भाड्याची. आता माझे बैल सांगतो. माझा तांबडा नुसता हंबरला, तर कारंज्याच्या स्टँडवर उभी एसटी आपोआप सुरू होते. कंडक्टरला विचारा.

जाणत्यांनी तोड काढली. दोघांनी झडती म्हणायची. झडती म्हणजे बैलांच्या रांगेसमोर ओरडून म्हणायचं कवन. म्हणणाऱ्यानं शेवटी ‘हर बोला’ म्हटलं की गावानं ‘हर हर महादेव’ करायचं. ज्याच्या झडतीला आखर, म्हणजे गुरं जमतात ते गावाबाहेरचं मैदान, जास्त दणाणेल, त्याची जोडी पुढं.

भाऊला झडती येईना. त्यानं वाशीमहून साळा आणला, पट्टीचा भाषणबाज. साळ्यानं माइकच धरला.

“राजांना घरच्यांनी विरोध केला. भाऊंनाही घरचेच विरोध करतात! राजे घोड्यावर बसत. भाऊही बसतात! आता सांगा, तुम्ही भाऊंच्या बाजूनं, का राजांच्या विरोधात?”

राजांच्या विरोधात कोण हात वर करणार? माझा चुलतभाऊसुद्धा मान खाली घालून बैलाचे खूर पाहू लागला. मान गेला असं मला वाटलं. बुंदी डोळ्यांसमोरून उडाली.

पण मी गुरांच्या बाजारात वाढलेला माणूस. तिथं दलाल हेच करतात: शर्यतीचा पट जिंकलेल्या बैलाच्या कपाळावर चांद होता, याच्याही आहे, काढा पैसे! चांद सारखा म्हणून धाव सारखी होत नाही. धाव पाहायची तर जुंपून पाहावं लागतं.

मी ओरडलो, “पाव्हणे, घरच्याईचा विरोध तर मलेबी हाय! बायको सकाळपासून बोलून राह्यली. मंग मी कोन्या गादीवर बसू?”

बायकांकडून हसू फुटलं. माझी बायको त्यांत सगळ्यात मोठ्यानं हसली.

“अन् राजाले तर आमी सारेच मानतो. भाऊचा बैल मागं राह्यला तर राजाचा अपमान कायले होईन? त्याईनं का भाऊले मुखत्यारपत्र देलं?”

“काका, इषय बदलू नका,” भाऊ म्हणाला.

“इषय तुह्याच साळ्यानं बदलला, बाप्पा! बैलाईचा होता, घोड्यावर नेला. आता ऐक.”

आणि छाती फुगवून मी झडती सोडली:

राजा बसे घोड्यावर, भाऊ बसे घोडीवर,
साऱ्या गावचे नवरदेव गेले याच घोडीवर!
घोडीवर बसून जर का होत असते राजे,
घरोघरी तख्त असते, दारोदारी बाजे!
हर बोला…

आता आमच्या गावाची एक खोड आहे. ‘हर बोला’ कानावर पडलं की लहानपणापासूनची सवय डोक्याला विचारत नाही; हात आपोआप वर जातो. ‘हर हर महादेव!’ असा गजर झाला की शिरपूरच्या कबुतरांनी मुक्काम हलवला. त्या गजरात सगळ्यात उंच हात होता भाऊचा. आणि साळ्यानं तर गजर थेट माइकवर केला.

सगळ्यात म्हातारे जाणते काठी आपटून म्हणाले, “झालं! भाऊनंच कौल देला.”

भाऊ वर गेलेल्या हाताकडे असा पाहू लागला, जणू तो दुसऱ्याचाच आहे. मग तोही हसला. “काका, तुमी लय बेरकी हा.”

“अन् तू माणूस चांगला हायेस. नुसता भाऊच राह्य, तेवढ्यानं भागते.”

माझी जोडी तोरणाखालून पहिली निघाली. तांबडा मुद्दाम हळू चालला, डोलत, सगळ्यांना शिंगांचं बेगड दाखवत. दारात बायकोनं बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. मीही मान पुढं केली.

“सरका,” ती म्हणाली, “पहिला मान बैलाईचा.”

पण पुढच्याच लग्नात वाढप्यानं मला बुंदी विचारली. आणि विचारणारा वाढपी कोण? कमरेला टॉवेल बांधलेला भाऊ!