डोकी सांभाळा

"डोकी सांभाळा!" असं ओरडून तो स्वतः आधी वाकायचा. वर मोकळं आभाळ. बंदराच्या दरवाजाची कमान त्याच्या आज्याच्या काळातच पडलेली. पण पनवेलचा जुना तट बघायला आलेला प्रत्येक जण तिथं वाकलाच पाहिजे, हा त्याचा नेम. माणसं हसत, पण वाकत. तुम्हीही वाकला असता.

सगळे त्याला तांडेल म्हणत. खाडी गाळानं भरली, गलबत गेलं, तेव्हापासून आल्यागेल्याला तटाकडेनं फिरवणं हेच त्याचं काम. चपला काठीला अडकवून तो चिखलात उतरे. "ओहोटीशिवाय दिसायचा नाय. माजा तट कोली हाय, पान्यातच बसतो."

मी कचेरीत कारकून. नवा असताना त्यानं मलाही फिरवलं होतं. पायथ्याचे दगड मी हातांनी चाचपले होते. त्यांच्या आड आठ कोळी घरं होती. उधाणाचं पाणी ते दगडच अडवत.

पुढे रस्त्याच्या भरावासाठी दगड काढायची गोष्ट निघाली. हे सुटे दगड की घरं राखणारा तट, ते ठरवायला साहेब पाहणीला येणार म्हणून तांडेल कचेरीत आला.

"भाऊसाहेब, त्या दिवशी आवस हाय. दिस उगवताना आना त्यांना, पानी पार लांब जातं. बाराला आनलंत तर भरती. काय दिसायचं नाय."

"सांगतो," मी म्हणालो.

नाही सांगितलं. साहेबाला 'पहाटे या' म्हणायचं धाडस झालं नाही, एवढंच. याहून मोठं कारण शोधण्यात माझी पंधरा वर्षं गेली.

साहेब बाराला आला. खाडी तुडुंब. "डोकी सांभाळा!" तांडेल वाकला. साहेब ताठ गेला. त्याच्यामागे मी. एरवी वाकणारा मी, त्या दिवशी ताठ गेलो.

"तट कुठाय?"

"पान्याखाली हाय साहेब. या भाऊसाहेबांनी हात लावलाय, इचारा की!"

साहेबानं माझ्याकडे पाहिलं.

"ऐकून आहे," मी म्हणालो.

काठीच्या चपला काढून तांडेलनं पायात घातल्या.

कागदावर 'सुटे दगड' असा शेरा पडला, दगड निघाले. पुढच्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी आठही घरांत कमरेइतकं चढलं. तांडेलची बायको आजारी होती. तिला पाठीवर घेऊन तो दोन तास पाण्यात उभा होता. तिसऱ्या दिवशी ती तापानं गेली.

मग तो करंज्याला लेकीकडे निघाला. गाठोडं डोक्यावर. मी त्याला धावत गाठलं, त्याच दरवाजाच्या जागी. "तांडेल, माझं..." काय करावं कळेना, म्हणून मी वाकलो.

तो थांबला.

"उटा, भाऊसाहेब. वर कदीच काय नवतं. आता खाली पन नाय."

आणि तिथून, पहिल्यांदाच, तो ताठ चालत गेला.