जळगावचं ऊन

फाउंड्रीतल्या जळक्या वाळूचा वास कुठं आला की मला कोल्हापुरातली ती जेवणाची सुट्टी आठवते. मोबाईल गेटवर जमा असायचे आणि ऑफिसात कामाबाहेरच्या साइट बंद, म्हणून मी प्रॉक्सीवरून चोरून रोज एकच पान उघडायचो. एके दुपारी कॉम्प्युटर सांभाळणारा माझ्या टेबलाशी आला. "पावणं, प्रॉक्सी लावून काय उपेग न्हाय. तुमची स्क्रीन जशीच्या तशी माझ्याकडं दिसतीया की." आता नोकरी गेली, असं वाटून हातातला घास हातातच राहिला. तो खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "रोज जळगावचं हवामान बघतायसा. कोन हाय तितं?" घटस्फोटानंतर माझी मुलगी आईबरोबर तिकडे राहायला गेली होती. मी म्हणालो, "कुणी नाही." "कुणी नसताना कोन रोज तितलं ऊन बघत न्हाय की," एवढंच बोलून तो उठला, आणि साहेबांना त्यानं काही कळवलं नाही. आता घरी एकटा बसून मी फोनवर जळगावचं तापमान उघड उघड बघतो. माझी स्क्रीन बघून, कोन हाय तितं, असं विचारणारं कुणी नसतं.