मिठाने बुजलेले सहा नोझल

तारकर्लीच्या एका लॉजवर मी बरीच वर्षे देखभालीचे काम केले. जनरेटरची खोली बंदिस्त होती. डिझेलच्या आगीवर पाण्याचा झोत मारला तर जळते तेल पसरते, म्हणून मालकाने छताला सहा नोझल बसवून घेतले होते. त्यांतून धुक्यासारखे पाणी सुटते. बंद खोलीत ते धग खाते, वाफ होऊन आगीची हवा तोडते. नोझलची भोके मात्र सुईच्या टोकाएवढी. त्यांना गोडे, गाळलेले पाणीच लागते.

मे महिन्यात आमच्या विहिरी मचूळ होतात. पाहुण्यांचे केस चिकट व्हायला लागले, तेव्हा मालक म्हणाला, "काका, धुक्याच्या टाकीतला पाणी न्हाणीक सोडा. तेत विहिरीचा भरा. आग काय रोज लागता?"

मी भरले. पुढे दर महिन्याच्या चाचणीत तेच पाणी त्या भोकांत सुकून मीठ धरत गेले.

आग लागली तेव्हा खोलीपाशी आमच्या वाडीतली, चादरी धुणारी बाई होती. मी अंगणातून ओरडलो, "व्हॉल्व्ह फिरव गो." तिने आत जाऊन तो पुरा फिरवला. एका नोझलमधून चार थेंब पडले. तिचे दोन्ही हात भाजले.

मालकाने कागद लिहवून घेतला की बाईने जनरेटरवर चादरी वाळत घातल्या म्हणून आग लागली. त्यावर माझी सही आहे. तिचे काम गेले. पुढे कुठल्याच लॉजने तिला घेतले नाही. तिने मला एकदाच विचारले, "भावोजी, पाणी खंय गेला?" मी वाट बदलून पुढे गेलो.

पण ते सहा नोझल मी काढून ठेवले होते, फडक्यात बांधून. मालकाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचे, एवढ्यासाठी मी थांबलो.

यंदा त्याला आमच्या गावात, तोंडवलीत, दुसरे लॉज बांधायचे होते. परवानगीसाठी ग्रामसभा बसली. मी टेबलावर फडके सोडले आणि त्याला म्हटले, "फुंकून दाखव."

तो कानाशी वाकला. "काका, कागदावर तुमची सही आसा. तुमी पण बुडतलास."

"बुडतलंय. पण तुका घेवन."

त्याने हात लावला नाही. मागून ती बाई उठून आली. आखडलेल्या बोटांत नोझल धरून तिने तोंडाला लावला, गाल फुगवले. हवा गेली नाही. तिने तो ग्रामसेवकापुढे ठेवला.

"माझा नाव काढा त्या कागदावरना," ती म्हणाली.

ग्रामसेवकाने माझा जबाब लिहून घेतला, टाकीपासून सहीपर्यंत, माझ्या गुन्ह्यासकट. परवानगीचा अर्ज बाजूला सरकवला. मी सही केली. मान वर केली तेव्हा मालक दारात वाकून चपला शोधत होता, आणि कोणीही सरकून त्याला वाट देत नव्हते. मी पोटभर बघून घेतले.