टिपटॉपची तीन कार्डं

बाजारातल्या लॉन्ड्रीत वीस वर्षं इस्त्री करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला सगळे टिपटॉप म्हणतात. दिवसभर लोकांचे भारी कपडे हाताखालून गेले की आपल्याही अंगावर तसेच असावेत असं वाटायचंच, पण ह्याला जरा जास्तच वाटलं. मनगटाला सहा घड्याळं, रोज एक. वेळ मात्र दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळात बघायचा. बूट लॉन्ड्रीशेजारच्या बूटवाल्याकडचे, आणि बूटवाल्याचं अर्धं दुकान ह्याच्या पायांवर चाललेलं.

हे सगळं तीन क्रेडिट कार्डांवर. बँक दर महिन्याला कळवी, निदान एवढे तरी भरा. हा तेवढेच भरी आणि वर मला सांगे, "काका, बँक फार समजूतदार आहे हो." समजूतदार बँकेनं त्याचं कर्ज पंधरा पगारांएवढं करून ठेवलं होतं.

एक दिवस लॉन्ड्रीचे मालक म्हणाले, "माझे गुडघे संपले. दुकान तुला देतो, किंमत हप्त्यानं फेड. पण आधी कार्डं शून्यावर आण. फाटक्या खिशात मी दुकान टाकणार नाही. दोन वर्षं थांबतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बूटवाला आहेच. भिंत पाडून दुकान वाढवायला टपलाय."

त्या संध्याकाळी टिपटॉपनं तिन्ही बिलं बायकोपुढे ठेवली. ती इस्पितळात नर्स, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती काय काय बोलली ते मला भिंतीपलीकडून नीट ऐकू आलं नाही, याची हळहळ अजून आहे.

दुसऱ्या दिवसापासून गडी पायी कामावर. डबा घरचा, बाहेरचा चहा बंद. घर बायकोच्या पगारावर आणि ह्याचा बहुतेक पगार कार्डांवर. नवा शर्ट तर नाहीच. जुन्याची झिजलेली कॉलर उसवून तिनं उलटी शिवून दिली आणि ह्यानं त्यावर अशी कडक इस्त्री फिरवली, की मी गल्लीभर सांगत सुटलो, टिपटॉप कसला सुधारतोय, नवा शर्ट घेतलाय. त्याच्या बायकोनं मला जिन्यात गाठलं आणि शर्टची कॉलर दाखवली.

"काका, बातमी सोडायच्या आधी शिवण बघत जा."

बूटवाला दारात टपलेलाच. "टिपटॉप, तुझ्या मापाचा एकच जोड उरलाय. पैशाचं काय, कार्ड आहेच की."

"माझा पाय लहान झालाय," असं म्हणून टिपटॉप पुढे.

एवढं करून गडी चुकला, आणि तेही इस्त्रीवाल्यासारखाच चुकला. सकाळी इस्त्री हळूहळू तापते, म्हणून नाजूक रेशमी कपडे आधी, मग लोकरी, जाड सुती शेवटी. हातात मुरलेली ती रीत त्यानं कार्डांनाही लावली. सगळ्यात हलकं कार्ड आधी संपवलं, मग मधलं धरलं. जड कार्डाला बँक मागेल तेवढंच. वर्षानं नवराबायको हिशेबाला बसले ते गॅलरीत, त्यामुळे पुढचं मी शब्दाला शब्द देऊ शकतो.

"अहो, मोठ्या कार्डाकडे बघितलंत?"

"भरतोय की दर महिन्याला."

"वर्षभर भरून केसभर हललेलं नाही. व्याज सगळ्यात जास्त त्याचंच."

"पण हलकं आधी, जड शेवटी. वीस वर्षं मी..."

"आणि कापडाचा जळका वास आला तर? रेशमी का सुती ते विचारत बसता का? आधी इस्त्री उचलता ना? मग हे जळतंय."

टिपटॉपनं मोठ्या कार्डाचं बिल उचलून सगळ्यात वर ठेवलं. मग म्हणाला, "हे मला वर्षापूर्वी का नाही सांगितलंस?"

"त्याच्याआधी बिलं कुठं दाखवली होतीत? आणि दाखवल्यावर वर्षभर तर मी नुसती रागावलेलीच होते."

उरलं एकच वर्ष. पाच घड्याळं विकली. सुट्टीच्या दिवशी एका हॉटेलच्या चादरी इस्त्रीला घेतल्या, चादरींची दोन टोकं धरायला बायको. सगळं मोठ्या कार्डावर ओतलं. नवव्या महिन्यात ते संपलं आणि पुढच्या दोन महिन्यांत मधलं. इकडे बूटवाल्यानं फीत लावून भिंतीची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती.

मुदतीला अकरा दिवस असताना टिपटॉपनं बँकांची तीन पत्रं मालकांसमोर ठेवली. मालकांनी ती चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली, आणि किल्ल्या टेबलावरून सरकवल्या. "उद्या सातला उघड. उशीर केलास तर परत घेईन."

त्यानं साडेसहाला उघडलं. बायको गल्ल्यावर, ड्यूटीला जायच्या आधी तासभर. मी दोन पँटी घेऊन हजर, पहिलं गिऱ्हाईक म्हणून मिरवायला.

"काका, पैसे आधी."

"अरे, मी तर महिनाअखेरीला देतो."

"ती पद्धत बंद. उधारी कशी फुगते ते मला विचारा."

बायको खाली बघून हसत होती. मी पैसे दिले. बाहेर येऊन बूटवाल्याला म्हटलं, टिपटॉप माजलाय. तो भिंत मोजायची फीत गुंडाळत होता. माजू दे की. कमावलाय त्यानं तो माज, आणि तोही रोखीनं.