मांदेली कुणी उडवली?

“मांदेली कुणी उडवली?” साहेब ओरडले.

सर्व्हर सांभाळणारी ती पोरगी खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. “मी. रोज उडवते तशी.”

अंधेरीच्या त्या ऑफिसात मी चहा करते. ट्रे हातात घेऊन दारातच थांबले. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला दाखवायचं सगळं काम त्या मांदेलीत होतं, आणि मांदेली काही परत येणार नव्हती.

मांदेली म्हणजे मासा नव्हे. मी चौथी शिकलेली, मला तिनंच समजावलं. कुठेतरी लांब मोठमोठी कॉम्प्युटरं असतात. त्यातला एक तुकडा थोडा वेळ भाड्यानं घ्यायचा आणि नवीन काम आधी त्यावर चालवून बघायचं. मोडलं तर मोडलं. काळ्या पडद्यावर ती एक ओळ लिहायची, की सर्व्हर उभा. संध्याकाळी दुसरी ओळ, की गेला. आत असेल नसेल ते घेऊन गेला.

ती मालवणची. सर्व्हरना माशांची नावं द्यायची. बांगडा, सुरमई, मांदेली.

“एखादा ठेव की उद्याला,” मी एकदा म्हटलं.

“शिळो मासो घरात ठेवूचो नाय, मावशे!”

अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. माझा चहा पातळ झाला तर तोंडावर सांगायची. म्हणूनच आमचं जमलं.

सहा वाजले की अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडायची, “बाजार उठला! कुणाचं काय असेल तर उचला!” पोरं हसायची, आपापलं काम काढून घ्यायची. मगच ती दुसरी ओळ लिहायची. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही ऐकलं असतंत.

त्या दिवशीही ती ओरडली. साहेबांच्या कानांवर मोठे हेडफोन होते. कायमचा सर्व्हर वरून मंजूर करून घ्यायला वेळ लागतो म्हणून दुपारी त्यांनी आपलं काम तिच्या मांदेलीत टाकलं होतं, तिला न सांगता. हे त्यांनीच सगळ्यांसमोर कबूल केलं. मला वाटलं, चला, मिटलं.

कसलं मिटतंय! गिऱ्हाईक चिडून गेलं, वरून विचारणा झाली, आणि साहेबांनी तिचं नाव सांगितलं. ती कंत्राटी होती. दिवाळीनंतर कायम करणार होते. त्या भरवशावर तिनं आईला आणायला बोरिवलीत खोली बघून ठेवली होती.

मी म्हटलं, “साहेब, ती ओरडली होती. मी ऐकलंय.”

“मावशी, चहा ठेवा.”

पोरं पडद्यात डोकं खुपसून बसली. एकानंही मान वर केली नाही.

तिनं पाण्याची बाटली उचलली, दारात थांबली. “चाय बरी कर गो, मावशे. आता तुका बोलूक कोण नाय.”

सर्व्हरना आता नंबर असतात. सहा वाजता कुणी ओरडत नाही. तिची नोकरी गेली. साहेबांची राहिली, पोरांची राहिली, आणि माझीही राहिली.