मी विणलेली लेस मीच उसवली

बायांनो, आज दुपारी मी जे केलं ते दुसरं कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आधी मीच सांगते.

कंट्रोलच्या, म्हंजी रेशन दुकानातल्या, जाड्या मांजरपाटाचा परकर. महिनाभर खपून मी आकड्याच्या सुईनं लेस विणली आन् त्याच्या काठाला लावली. मोठ्या जाऊबाईंनी "नमुना पाहू दे गं" म्हणून तो नेला. आज त्यांच्या पोरीला पाहायला वसमतचे पाहुणे आले, तर तोच परकर पाहुण्यांच्या मांडीवर!

"आमच्या पोरीनंच विणलं," जाऊबाई सांगून राहिल्या होत्या.

"काय एकसारख्या कमानी हायेत!" नवरदेवाची आत्या म्हणाली.

मी पुढं झाले. शेवटची गाठ कुठं दडवली ते मला बराबर ठाऊक होतं. ती कातरली आन् धागा ओढला. सगळ्या कमानी सरसर उसवल्या.

"काहून गं असं केलंस?" जाऊबाई ओरडल्या.

मी पोरीच्या हातात सुई दिली. "जिनं विणलं ती परत विणील की."

पोरीनं सुई उलटी धरली.

पाहुणे चहाला हात न लावता उठले. मी मात्र घरी येऊन पोटभर जेवले. आता भिंतीपलीकडं जाऊबाईंच्या घरातून त्या पोरीचं रडणं ऐकू येऊन राहिलंय. तुमी ओढला असता का धागा?