आज आमच्याकडे पातोडी आहे

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण ही फजिती माझी आहे, आणि ती मी स्वतःच्या हाताने, बेसन कालवून, वरून तर्री सोडून तयार केलेली आहे. दुसऱ्या कोणाला नाव ठेवायला जागाच नाही!

माझं नाव बेबी. पन्नाशी आली, सुना आल्या, तरी बेबीच. गाव घाटंजीपासून अर्ध्या तासावर. शेजारीण कुसुम. आमच्या दोघींच्या अंगणांच्या मधात पऱ्हाट्यांचं कुंपण आहे. कापूस वेचून झाला की उरलेल्या काड्या रोवायच्या, झालं कुंपण. त्यातून पलीकडचं सगळं दिसतं. मी काही मुद्दाम पाहत नाही बरं का! पण देवानं डोळे दिले, कुंपणाला भोकं पडली, मग माणसाने करावं तरी काय?

तर ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा कापसाने अख्ख्या जिल्ह्याचे डोळे पांढरे केले होते. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आणि रस्त्यावर जीपच जीप! पाहणी करायला कोण कोण यायचं. दिल्लीचे साहेब, मुंबईच्या बाया, कॉलेजातली पोरंपोरी, कॅमेरेवाले. आमच्या गावच्या कुत्र्यांनी जीपवर भुंकायचंसुद्धा सोडून दिलं होतं.

आणि यातली प्रत्येक जीप थांबायची कुठे? कुसुमच्या दारात!

काहून? तिच्या अंगणात काय सोनं पेरलं होतं? वाती तर आम्ही दहाही जणी वळायचो. बचत गट आमचा सगळ्यांचा. कुसुमची वात तर अशी जाड, की दिवा लावला तर मशाल वाटावी. पण फोटो निघायचे तिचे, खुर्ची मिळायची तिला, आणि मी कुंपणातून पाहत राहायची.

कारण कळलं ते असं, की कुसुमच्या पल्लवीने गटाची वेबसाइट केली होती. पल्लवी घाटंजीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. शहरातले लोक निघायच्या आधी ती वेबसाइट पाहायचे, आणि तिथे कुसुमचा फोटो. मग काय, थेट तिच्या दारात ब्रेक!

दुसऱ्याच बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन मी क्लासमध्ये हजर.

"पल्लवी, मलेही त्याच्यात टाक."

"टाकतो नं मावशी. तुमची पातोडी टाकू. अख्ख्या गावात तशी कोणी करत नाही."

पोरगी गुणाची! पातोडी म्हणजे बेसनाच्या थापलेल्या वड्या, झणझणीत रश्शात सोडलेल्या. माझ्या पातोडीने आजवर तीन सोयरिकी जमवल्या आहेत. पल्लवीने लिहून घेतलं, बटण दाबलं, आणि बघते तर काय, मी सगळ्यात वर! मोठ्या अक्षरात 'बेबीमावशींची पातोडी'. घरी येताना एसटीत कंडक्टरलासुद्धा सांगितलं.

पुढच्या बाजाराला यांना, म्हणजे आमच्या घरधन्याला, सोबत घेऊन गेले. म्हटलं, बायको काय चीज आहे ते पाहून घ्या.

पल्लवीने वेबसाइट उघडली. मी कुठेच नाही! वर नव्या वाती. त्याखाली गटाची बैठक. त्याखाली फोटोसकट 'कुसुमताईंच्या शेळीला तीन पिल्लं'. आणि त्याच्या खाली मी.

"बेबी, तू शेळीच्या खाली आहेस," हे म्हणाले. जसं काही मला दिसत नव्हतं!

"पल्लवी! शेळी काहून वर?"

"मावशी, ती पोस्ट आहे नं. पोस्टवर तारीख असते. नवी आली की जुनी खाली जाते."

"मग तुही माय काहून खाली नाही जात? तिचा फोटो तर तिथंच हाय!"

"आईचं पान आहे, 'आमच्याविषयी'वालं. पान हलत नाही मावशी. आता पाहा, डेअरीच्या फळ्यावर खडूनं लिहितात ते कसं, रोज पुसून नवं लिहितात? ती पोस्ट. अन् डेअरीच्या दारावर रंगानं नाव लिहिलं हाय, ते पान."

म्हणजे बघा! कुसुम रंगाने, आणि मी खडूने! बावीस वर्षांचा शेजार. तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू कोणी वळले? मी. आणि आता तिची शेळीसुद्धा माझ्या डोक्यावर! त्या दिवशी घरी येईपर्यंत मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही. हे म्हणतात, फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी गावात बातमी आली, की गुरुवारी नागपूरची मोठी टीम येणार. दोन जीपा. कुसुमने अंगण सारवायला घेतलं. मी कुंपणातून पाहिलं आणि पोटात असं काही पेटलं म्हणता, त्यावर पातोडी शिजली असती! तशीच एसटी धरली.

पल्लवी घाईत होती. तिची परीक्षा अमरावतीला, दुपारची गाडी, आणि लोडशेडिंगची वेळ जवळ आलेली.

"मले पान पायजे. कुसुमसारखं. न हलणारं."

"बरं, काय लिहू?"

मी वाटेतच ठरवलं होतं. "लिही. आज आमच्याकडे पातोडी आहे. गावात येणाऱ्या पाहुण्यांनी आमच्याकडेच जेवायला यावं. बेबीबाई, कुसुमबाईंच्या घराला लागून."

पल्लवीने हात थांबवला. "मावशी, हे तर एका दिवसाचं हाय. याची पोस्ट करू. तारीख टाकतो गुरुवारची."

"तारीख नोको!"

"अवो पण..."

"तारीख आली का माणूस शिळं होते. मले समजते सगळं. तू पानच कर. कोणी खाली ढकललं नाही पायजे मले!"

"मावशी, एक डाव ऐकून तर घ्या..."

"तुह्या मायले आवडणार नाही म्हणून टाळून राह्यली का?"

बिचारीने टकटक केलं, बटण दाबलं, आणि तेवढ्यात लाइट गेली. ती परीक्षेला गेली आणि मी बेसन घ्यायला गेले.

गुरुवारी काय सांगू, दिवाळीच! दोन्ही जीपा कुसुमच्या सारवलेल्या अंगणावरून पुढे येऊन माझ्या दारात. एक चष्मेवाल्या बाई उतरल्या, म्हणाल्या, "पातोडीवाल्या बेबीबाई आपणच ना?" मी पदर सावरत कुंपणाकडे पाहिलं. भोकातून एक डोळा दिसला. कुसुमचा! आयुष्यात पहिल्यांदा ती बाहेरून पाहत होती आणि मी आतून.

अकरा माणसं जेवली. रस्सा तिखट लागला म्हणून नाकाडोळ्यांतून पाणी, पण वाटी पुढेच.

शुक्रवारी पुन्हा एक जीप. चार जण. "आज पातोडी आहे ना?"

"आहे नं!" मी म्हटलं. पाहा, नाव कसं पसरतं! पुन्हा चूल पेटवली.

शनिवारी कॉलेजची सहा पोरं. रविवारी यवतमाळहून एक कुटुंबच आलं, सोबत रिकामा डबा घेऊन! सोमवारी मी अंग टाकणार, तोच बाहेर हॉर्न.

"बेबी," हे जेवताना म्हणाले, "आज वरण-भात भेटीन का? मले सपनातही रश्शावाला ओढा दिसून राह्यला."

"लोकं एवढ्या दुरून येऊन राह्यले, तुमाले कौतुक नाही!"

"मले कौतुक हाय. पोटाले नाही."

गावच्या दुकानातलं बेसन संपलं. पाठ धरली. हाताला मिरचीची आग. आणि कमाल म्हणजे, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य : "आज पातोडी आहे ना?" मंगळवारी आलेल्या एका तरुण पोरीला मी शेवटी विचारलंच, "पण तुमाले कोण सांगते वो, का आज हाय म्हणून?"

तिने पिशवीतून छापील कागद काढला. "तुम्हीच सांगता की मावशी. हे पाहा ना, 'आज आमच्याकडे पातोडी आहे.' तारीखबिरीख काहीच नाही, म्हणून आम्हाला वाटलं रोजचंच असेल."

मी चुलीपुढेच बसले. गुरुवारी वाचा, आज. मंगळवारी वाचा, आज. पुढच्या संक्रांतीला वाचा, तरी आज! आणि पान हलणार नाही. कोणी खाली ढकलणार नाही. शेळीसुद्धा नाही!

एसटीडीवरून अमरावतीला फोन लावला. "पल्लवी, काढ व माय ते पान!"

"मावशी, तुम्हीच म्हणाल्या नं, न हलणारं पायजे."

"आता हलव!"

"क्लासला कुलूप आहे आणि पासवर्ड मलेच माहीत. परीक्षा झाली का येतो. आठ दिवस चालवून घ्या."

आठ दिवस! बुधवारी मी काय केलं, समोरून कुलूप लावलं आणि मागच्या दाराने आत जाऊन बसले. जीप आली. दार वाजलं. मी श्वास धरून. आणि कुंपणापलीकडून कुसुमचा गोड आवाज, "घरीच हाय वो त्या! मागच्या दारानं जा!"

पाहुणे जेवून गेले तशी मी कुंपण ओलांडून तिच्याकडे गेले. भांडायलाच! पण तिच्या ओट्यावर टेकले आणि डोळ्यांत पाणीच आलं.

"कुसुम, थकली व मी."

"मंग? मी दीड वर्ष काय करून राह्यली होती?" ती म्हणाली. "जीप आली का चहा ठेव. अळी किती, बोंडं किती, तेच सांग. फोटोसाठी पुन्हा पुन्हा वाती वळ. माही वात जाड काहून, माहीत हाय? फोटोवाल्याले बारीक दिसत नाही म्हणून! तुह्याकडे जीप गेली त्या दिवशी मी दुपारी झोपली, बेबी. दीड वर्षानं!"

"अन् कुंपणातून पाहत होती ते?"

"खरंच गेले का, ते पाहत होती!"

दोघी इतक्या हसलो, की तिची शेळी दचकून उठली. दुसऱ्या दिवसापासून कुसुम सकाळीच माझ्याकडे यायला लागली. ती वड्या थापायची, मी रस्सा करायची. पल्लवी येईपर्यंत आम्ही दोघींनी मिळून जेवू घातलं, आणि खरं सांगते, एकटीने मिरवण्यापेक्षा ते गोड लागलं.

पल्लवी आली. पान काढलं. त्याची पोस्ट केली, गुरुवारची तारीख टाकून. मग शेळीच्या पिल्लांचा नवा फोटो टाकला, आणि माझी पोस्ट सरळ जाऊन बसली शेळीच्या खाली.

खोटं कशाला बोलू, पोटात पुन्हा थोडं दुखलं. निघता निघता म्हटलं, "पल्लवी, पान नको. पण कुठंतरी एक ओळ ठेव न माही. न हलणारी. काय लिहायचं ते तुम्ही मायलेकी ठरवा."

पुढच्या बाजाराला गेले. पल्लवीने हसू दाबत कुसुमचं पान उघडलं. खाली पत्ता होता, आणि पत्त्याखाली माझी ओळ. रंगाने लिहिलेली, कायमची :

'घर सापडलं नाही तर शेजारच्या बेबीमावशींना विचारा. शोधावं लागत नाही, त्या कुंपणापाशीच उभ्या असतात.'

मी अशी तणतणत घरी आले! पिशवी टाकली आणि थेट कुंपणाशी जाऊन कुसुम कुठे दिसते का ते पाहायला भोकाला डोळा लावला. जाबच विचारणार होते!

मागे जीप थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली, हातातला कागद पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाला,

"बेबीमावशी नं?"